‘रिलॅक्सिंग गेम’ म्हणे! मांजरं जोडत बसणं म्हणजे विश्रांती नव्हे

‘डॉक्टर, झोपेची एखादी हलकी गोळी द्या की.’ ही मागणी दवाखान्यात नवी नाही. नवीन आहे ते पुढच्या प्रश्नाचं उत्तर. रात्री जेवण झाल्यापासून झोपेपर्यंत काय करता, असं मी विचारतो. पूर्वी लोक मालिका सांगायचे, मग व्हॉट्सॲप सांगू लागले. हल्ली बरेच जण जरा लाजत सांगतात, ‘काही नाही हो, मोबाईलवर मांजरं जोडत बसते. रिलॅक्स वाटतं.’

हा लेख त्या ‘रिलॅक्स’ शब्दाविरुद्ध आहे. मांजरांशी माझं काही भांडण नाही, आणि खेळणाऱ्या माणसाशी तर मुळीच नाही. दिवसभर स्वयंपाक, बँक, दुकान, नातवंडं सांभाळून रात्री कुणी अर्धा तास स्वतःसाठी काढला तर त्यात लाजण्यासारखं काय? पण ज्या वस्तूला आपण विश्रांती समजतो, तीच आपली झोप खात असेल, तर डॉक्टर म्हणून मला बोलावं लागेल. आणि योगायोग बघा, आपण राहतो त्या भागाचं नाव विश्रामबाग!

हा खेळ नेमका काय आहे?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर मांजराची छोटी पिल्लं येतात. दोन सारखी पिल्लं एकमेकांना चिकटवली की त्यांचं एक थोडं मोठं मांजर होतं. तशी दोन मोठी जोडली की आणखी मोठं. असं करत सर्वांत वरच्या मांजरापर्यंत पोचायचं. मागे हळू संगीत, जोडणी झाली की ‘म्याव’ किंवा टिंगकन आवाज, थोडी चमचम. हरण्याची फारशी भीती नाही, गोळीबार नाही, पैशाची पैज नाही.

जोडाजोडीचे हे खेळ अचानक आले नाहीत. मार्च २०१४ मध्ये गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं ‘२०४८’ हा आकडे जोडण्याचा खेळ तयार करून फुकट खुला केला, आणि तो जगभर पसरला. नंतर जपानी ‘सुइका गेम’ आला. त्यात फळं जोडत जोडत कलिंगडापर्यंत जायचं असतं. २०२३ मध्ये त्याची मोठी लाट आली. मग फळांच्या जागी मांजरं बसवलेल्या आवृत्त्याही भरपूर निघाल्या. चित्र बदललं तरी आतलं यंत्र तेच राहिलं, आणि ते यंत्र कसं चालतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

‘एकच मांजर राहिलंय’ या वाक्याचं गणित

कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या पायरीचं पिल्लू म्हणजे १. दुसऱ्या पायरीच्या मांजराला अशी २ पिल्लं लागतात, तिसऱ्याला ४, चौथ्याला ८. दर पायरीला दुप्पट. बाराव्या पायरीच्या मांजराला किती? २०४८ पिल्लं. ती जोडायला २०४७ जोडण्या. एका जोडणीला ३ सेकंद धरले, तरी पावणेदोन तासांच्या आसपास वेळ गेला. काही खेळांत मधूनच मोठं मांजर आयतं मिळतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी हिशेब तंतोतंत असाच येईल असं नाही. पण दुपटीचा नियम हाच.

आता खरी गोम पाहा. तुमच्याकडे अकराव्या पायरीचं एक मांजर तयार आहे. तसंच दुसरं झालं की बारावं मिळणार. तुम्ही घरच्यांना सांगता, ‘आलेच, एकच राहिलंय.’ पण ते दुसरं मांजर करायला पुन्हा १०२४ पिल्लं लागणार आहेत, म्हणजे आत्तापर्यंत जेवढं खेळलात तेवढंच पुन्हा. मनाला वाटतं काम संपत आलं. हिशेबानं ते जेमतेम निम्मं झालेलं असतं. ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. दुपटीचं गणित आपल्या मनाला अंदाजानं कळतच नाही. साडेदहाला ‘आलेच’ म्हणालेली व्यक्ती पावणेबाराला अजून तिथेच असते, ती या गणितामुळे.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. पुढचं पिल्लू कोणतं येईल, बक्षिसाच्या पेटीत काय निघेल, हे आधी कळत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं होतं. दाणा ठरावीक टोचींनंतर न मिळता कधीही मिळू लागला, की कबुतर चिकाटीनं टोचत राहतं. आपल्याकडे कृष्णाकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाला विचारा. मासा कधी लागेल हे माहीत नसतं, म्हणूनच त्याला उठवत नाही.

मांजरच का?

गणित तेच असताना आकड्यांऐवजी मांजर का बसवलं? मोठं डोकं, मोठे डोळे, छोटं नाक, गोबरे गाल दिसले की माणसाच्या मनात सांभाळण्याची भावना जागी होते. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञानं १९४३ मध्येच याबद्दल लिहून ठेवलंय. आपल्या तान्ह्या बाळांना जगवण्यासाठी निसर्गानं दिलेली ही ओढ आहे. खेळातली मांजरं नेमकी त्याच मापानं काढलेली असतात. वर संध्याकाळी नोटिफिकेशन येतं, ‘तुमची पिल्लं वाट बघतायत!’ ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत, त्या घरात हे वाक्य कुठे जाऊन लागतं, ते मी वेगळं सांगायला नको.

आणि खऱ्या मांजराचा परिणाम चित्रातल्या मांजरानं होतो का? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना १० मिनिटं खऱ्या कुत्र्या-मांजरांना कुरवाळायला दिलं, काहींनी ते नुसतं लांबून पाहिलं, काहींना त्याच प्राण्यांची चित्रं दाखवली, काही ताटकळत राहिले. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, प्रत्यक्ष कुरवाळणाऱ्यांमध्ये जास्त कमी झालं. चित्रं पाहणाऱ्यांना तो फायदा तसा मिळाला नाही. मांजराची ऊब, तिची गुरगुर, मांडीवरचं वजन काचेतून येत नाही.

(म्हणून लगेच गल्लीतलं भटकं मांजर उचलून घरात आणू नका. मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.)

‘रिलॅक्सिंग’ हा आरोग्याचा दावा आहे

माझा मुख्य मुद्दा हा आहे. उद्या मी एखाद्या बाटलीवर ‘ताण कमी करणारे’ असं लिहून विकायला ठेवलं, तर तुम्ही विचाराल, किती चमचे घ्यायचं? किती दिवस? कुणी घेऊ नये? दुष्परिणाम काय? खेळाच्या पाटीवर ‘रिलॅक्सिंग’, ‘स्ट्रेस कमी करा’, ‘शांत झोपा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा यातला एकही प्रश्न आपण विचारत नाही.

खेळाचा औषधासारखा उपयोग होऊच शकत नाही, असं मी म्हणत नाही. उलट, तो झालेला आहे, आणि कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात वाहन अपघातातून आलेल्या ७१ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातानंतर सहा तासांच्या आत काहींना अपघाताची आठवण करून देऊन सुमारे २० मिनिटं ‘टेट्रिस’ खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना अपघाताची दृश्यं इतरांपेक्षा कमी वेळा डोळ्यांसमोर आली. दुसरं उदाहरण एका व्हिडिओ गेमचं. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं एडीएचडी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी त्याला मान्यता दिली. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा होता. मात्रा ठरलेली, दिवसाला २५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, किमान ४ आठवडे. डोकेदुखी, चक्कर, वैताग असे दुष्परिणामही नोंदवलेले.

फरक लक्षात आला? जिथे खेळ खरोखर उपचार म्हणून आला, तिथे त्याला वेळेचं कुंपण होतं. तुमच्या मांजरांना ते नाही. उलट, मधेच ‘एनर्जी संपली’ म्हणून खेळ थांबतो, तेव्हाही तो तुम्हाला झोपायला पाठवत नाही. जाहिरात बघा, पैसे भरा, नाहीतर थोड्या वेळानं परत या, असं सांगतो. दिवस चुकवला तर साखळी तुटते, बक्षीस बुडतं. ज्या विश्रांतीची रोज हजेरी द्यावी लागते, ती नोकरी झाली!

मग बरं का वाटतं?

कारण मन गुंगतं. दुपटीची छोटी छोटी कामं समोर असली की सुनेशी झालेला वाद, कर्जाचा हप्ता, उद्याचा रिपोर्ट डोक्यातून बाजूला जातो. हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. दाताच्या डॉक्टरकडे वाट बघताना किंवा रेल्वे लेट असताना १० मिनिटं खेळलात तर छानच. पण मन गुंगणं वेगळं आणि मन विसावणं वेगळं. गुंगीतून उठल्यावर काळजी होती तिथेच असते, वर तास-दीड तास गेलेला असतो. विसाव्यातून उठल्यावर तीच काळजी उचलायला थोडं बळ आलेलं असतं.

यासाठी एक साधी चाचणी करा. फोन खाली ठेवल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी ठरवलेल्या वेळेला थांबलो का? आता मला आधीपेक्षा ताजं वाटतंय का? आणि या वेळात माझं काही राहून गेलं का? तिन्ही उत्तरं चांगली असतील तर खुशाल खेळा, या लेखाचा तुम्हाला काही त्रास नाही.

शरीराचा हिशेब

झोप: मोबाईलचा निळा प्रकाश वाईट, असं सगळेच सांगतात. माझ्या मते त्यापेक्षा मोठा चोर म्हणजे वेळ. साडेदहाला झोपणारा माणूस पावणेबाराला झोपू लागला आणि सकाळी पाण्यासाठी पाचला उठावंच लागलं, तर फिल्टरवाला चष्मा काय करणार? प्रौढ माणसाला साधारण ७ ते ९ तास झोप लागते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या मुख्य बाबींत झोपेचा समावेश केला, तो उगाच नाही. झोप सतत कमी पडली की बीपी वाढण्याची शक्यता वाढते. मग बीपीची गोळी वाढते, झोपेची गोळी सुरू होते, आणि मूळ कारण उशीखाली चार्जिंगला लावलेलं असतं. वयस्कर माणसांत झोपेच्या गोळ्यांनी तोल जाणं, रात्री बाथरूमला जाताना पडणं, खुब्याचं हाड मोडणं हे धोके असतात. मांजरांसाठी ही किंमत फार झाली.

साखर: जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्या आज्या याला शतपावली म्हणायच्या. मधुमेह असलेल्या माणसाची शतपावली गेली आणि त्या जागी मांजरं आली, तर ते रिपोर्टमध्ये दिसायला वेळ लागत नाही.

डोळे, मान, अंगठा: पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मान खाली, खांदे वर, अंगठा सतत चालू. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ दुखत असेल, तर मलम मागण्याआधी आठवडाभर खेळ बंद ठेवून बघा.

‘पण डॉक्टर…’

‘पण डॉक्टर, यात पैसे लागत नाहीत.’ पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, ते चांगलंच झालं. पण तो कायदा पैसे लावून खेळण्याबद्दल आहे. तुमची रात्र कुणी नेली, तर त्याचं कलम त्यात नाही. ते घरीच लावावं लागेल.

‘पण डॉक्टर, मला व्यसन नाही.’ बहुतेकांना नसतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याचे निकष कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्यांपेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण १२ महिने चालून घर, काम, नाती यांचं मोठं नुकसान होणं. म्हणून घरातल्या आजींना ‘व्यसनी’ म्हणू नका. पण विकार नाही म्हणजे नुकसान नाही, असंही समजू नका.

‘पण डॉक्टर, मेंदूला व्यायाम होतो.’ मांजरं जोडून जोडून मांजरं जोडण्यात हात बसतो, हे नक्की. त्यानं विसरभोळेपणा टळेल असं मी कोणत्याही पेशंटला सांगणार नाही. चालणं, चारचौघांत बोलणं, बीपी-साखर ताब्यात ठेवणं, ऐकू कमी येत असेल तर वेळेवर मशीन लावणं, हे मात्र आवर्जून सांगेन.

आणि घरातल्या तरुण मंडळींना एक सांगायचंय. आईच्या हातातला फोन ओढून घेण्याआधी स्वतःच्या हातातला ठेवा. ती मांजरं जोडते आणि तुम्ही रील्स सरकवता. तिच्याशी रात्री बोलायला कुणी नाही, म्हणून ती मांजरांकडे गेली असेल, तर खेळ काढून घेतल्यावर तिच्याकडे उरेल काय? रिकामी संध्याकाळच ना?

सातचा भोंगा

उपाय दूर नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ऑगस्ट २०२२ मध्ये तो करून दाखवला. करोनाच्या ऑनलाइन वर्गांनंतर मुलांच्या हातातले फोन सुटेनात, म्हणून गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की सगळ्यांनी टीव्ही-मोबाईल बंद करायचा. साडेआठला दुसरा भोंगा झाला की पुन्हा चालू. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. लगेच सगळ्यांनी ऐकलं असं नाही, घरोघर जाऊन समजवावं लागलं.

मला त्यातली शिस्त आवडतेच, पण त्याहून भोंगा आवडतो. कारण आपल्या जुन्या विरंगुळ्यांना शेवट होता. पत्त्यांचा डाव संपायचा, कॅरमच्या सोंगट्या संपायच्या, मालिका अर्ध्या तासात आटपायची. शब्दकोडं सुटलं की पेपरची घडी घालून आपण उठायचो, अडलं तर उत्तर उद्याच्या अंकात. जोडाजोडीच्या खेळातून हा शेवटच काढून टाकलाय. म्हणून तो आपल्याला बाहेरून आणावा लागतो. नुसत्या मनोनिग्रहावर विसंबू नका. दुपटीच्या गणितापुढे रात्री अकरा वाजता मनोनिग्रह टिकत नाही.

मग काय करायचं?

१. खेळायचं तर दिवसा किंवा संध्याकाळी, १५-२० मिनिटं, गजर लावून. गजर वाजला की आहे त्या मांजरावर थांबायचं. ‘एकच राहिलंय’ म्हणजे निम्मं राहिलंय, हे लक्षात ठेवा.

२. झोपण्याआधीचा तास मोबाईलशिवाय. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

३. त्या खेळाची सगळी नोटिफिकेशन बंद करा. पिल्लं वाट बघत नसतात.

४. जेवणानंतर आधी शतपावली, मग बाकी सगळं. गच्चीवर, अंगणात, नेमिनाथनगरच्या कल्पद्रुम मैदानाच्या बाजूनं, जिथे जमेल तिथे. जोडीला कुणी असेल तर उत्तम.

५. लहान मुलाला जेवू घालताना हा खेळ समोर धरू नका.

६. दोन आठवडे असं करून झोपेच्या वेळा कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. चालू असलेली झोपेची किंवा बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका.

७. खेळ बंद केल्यावर फार उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं असेल, तर प्रश्न खेळाचा नाही. नैराश्यावर उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला, किंवा सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेला १४४१६ वर फोन करा. जगणं नको वाटण्यापर्यंत विचार जात असतील, तर दोन आठवडे थांबू नका, आजच बोला.

आज रात्री एवढंच करून बघा. दहा वाजता फोन बाहेरच्या खोलीत ठेवा. मांजरं सकाळपर्यंत आहेत तिथेच राहतील, कुणी उपाशी राहणार नाही. तुम्ही झोपा.